विल्टन्स म्युझिक हॉल: इतिहास आणि जतन याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्टन्स म्युझिक हॉल नेमका कोठे आहे आणि त्याचे महत्त्व काय?

लंडनच्या पूर्व भागात, टॉवर ऑफ लंडनपासून थोड्याच अंतरावर, ग्रेसेस अ‍ॅली नावाची एक आखूड गल्ली आहे. या गल्लीत ओळीने उभ्या असलेल्या पाच जुन्या घरांच्या पाठीमागे १८५९ मध्ये बांधलेले एक उंच, प्रशस्त सभागृह दडलेले आहे. गल्लीतून जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण सभागृहाला स्वतःचा असा दर्शनी भागच नाही. दारूच्या गुत्त्यातून पुढे सरकत प्रेक्षकांनी आत जावे, अशीच त्याची मूळ रचना होती. गुत्त्याला जोडून उभारलेल्या मोठ्या म्युझिक हॉलांची पहिली पिढी लंडनमध्ये १८५० च्या दशकात उदयाला आली. त्या पिढीतील बहुतेक वास्तू जळाल्या, पाडल्या गेल्या किंवा ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या. विल्टन्स मात्र टिकला, आणि म्हणूनच या प्रकारातील जगातील सर्वांत जुनी शिल्लक वास्तू म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

म्युझिक हॉल म्हणजे संगीताच्या मैफलींचे सभागृह का?

नावावरून तसे वाटते, पण तसे नाही. आपल्याकडे ‘संगीत’ म्हटले की बैठक किंवा किर्लोस्करांच्या परंपरेतील संगीत नाटक डोळ्यांसमोर येते. म्युझिक हॉलमध्ये कथानक नसे. एकामागून एक गायक, विनोदी नट, कसरतपटू आणि नर्तक यांचे छोटे छोटे कार्यक्रम होत, आणि प्रेक्षक खातपीत, धूम्रपान करीत, गाण्याचे पालुपद एकत्र म्हणत त्यांना दाद देत. समोर एक सूत्रधार हातोडी घेऊन बसे. तोच पुढच्या कलावंताची घोषणा करी आणि गलका वाढला की टेबलावर हातोडी आपटून तो आवरीत असे.

या प्रकाराच्या मुळाशी कायदा आहे. ब्रिटनमधील १८४३ च्या नाट्यगृहविषयक कायद्यामुळे मालकांना एका गोष्टीची निवड करणे भाग पडले. नाटकाचा परवाना घेतला, तर सभागृहात मद्यपान आणि धूम्रपान करता येत नसे. करमणुकीचा साधा परवाना घेतला, तर मद्य विकता येई, पण नाटक करता येत नसे. गुत्तेवाल्यांचा धंदा मद्यावर चालत असल्यामुळे त्यांनी नाटकावर पाणी सोडले आणि गाणी, नकला, नाच यांचा एक वेगळाच मेळ जमवला. लंडनमधील लॅम्बेथ भागात चार्ल्स मॉर्टन यांनी १८५२ मध्ये कँटरबरी हॉल उघडला, आणि या धंद्यात किती पैसा आहे हे सर्वांना कळून चुकले.

जॉन विल्टन कोण होते? ही संपूर्ण वास्तू त्यांनीच उभारली का?

जॉन विल्टन हे मूळचे बाथ शहराचे. १८५० च्या सुमारास त्यांनी ग्रेसेस अ‍ॅलीतील ज्या गुत्त्याचा ताबा घेतला, तो तेव्हाच शंभरएक वर्षांचा जुना होता. शेजारच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्ये राहणारे स्कँडिनेव्हियाचे जहाजी कप्तान आणि व्यापारी तेथे येत असत. १८२० च्या दशकात एका मालकाने तेथे महोगनी लाकडाचा ओटा आणि फर्निचर बसवले. तेव्हाच्या गुत्त्यांत ही अपूर्वाई असावी, कारण लोक त्या जागेला ‘महोगनी बार’ म्हणू लागले आणि ते नाव आजही पुसले गेलेले नाही. १८३९ मध्ये गुत्त्यामागे गाण्याबजावण्याची एक खोली बांधण्यात आली, आणि १८४३ मध्ये ‘अल्बियन सलून’ या नावाने तिला काही काळ नाटकाचा परवानाही मिळाला होता.

विल्टन यांनी ती खोली १८५३ मध्ये वाढवली आणि पुढे ती पाडून तिच्या जागी आजचे सभागृह बांधले. जेकब मॅग्ज यांनी त्याचा आराखडा केला, डिसेंबर १८५८ मध्ये विल्टन यांच्या पत्नी एलन यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली, आणि मार्च १८५९ मध्ये हॉल सुरू झाला. सभागृह घरांमागच्या मोकळ्या जागेत उभे राहिले. रस्त्यावरची महागडी दर्शनी जागा विल्टन यांना विकत घ्यावी लागली नाही, कारण त्यांना गुत्त्याचे दार पुरेसे होते. धंद्यातील या काटकसरीमुळेच सभागृह पुढे शंभर वर्षे नजरेआड राहिले आणि वाचले, असे मला वाटते.

मूळ हॉल आतून कसा दिसत असे?

लांबट सभागृह, तिन्ही बाजूंनी फिरणारा सज्जा, एका टोकाला उंच रंगमंच, आणि खाली जेवणाची टेबले, बाके व उभ्याने पाहणाऱ्यांसाठी कडेची मोकळी जागा. सज्जा ओतीव लोखंडाच्या सडपातळ खांबांवर उभा आहे. हे खांब दोराला पीळ द्यावा तसे खालपासून वरपर्यंत पिळलेले आहेत. जवळ उभे राहून एकाच पिळावरून नजर वर नेली की ती आपोआप फिरत फिरत सज्जाच्या पुढच्या भागावर पोहोचते. तेथील पानाफुलांची नक्षी दगडाची किंवा लाकडाची वाटते, पण ती प्रत्यक्षात कागदाच्या लगद्यापासून साच्यात घडवलेली आहे. लगदा हलका असल्याने सज्जावर भार पडत नाही, आणि साचा एकदा केला की हवी तितकी लांबी काढता येते.

छताच्या मध्यभागी गॅसचे प्रचंड झुंबर होते. त्याला ३०० ज्योती आणि २७,००० काचेचे लोलक होते, आणि भिंतींवरील आरशांमुळे तो प्रकाश कित्येक पटींनी वाढत असे. एवढ्या ज्योतींची उष्णता आणि काजळी बाहेर टाकण्यासाठी वर छतातून धुराडे काढलेले होते. झुंबर केव्हाच गेले, परंतु धुराड्याच्या जागी जळून काळवंडलेले वासे आजही दिसतात. पूर्ण गर्दीच्या रात्री हॉलमध्ये सुमारे १,५०० माणसे मावत, असे सांगितले जाते. सज्जावर बसणाऱ्यांना त्या उष्म्यात काय वाटत असेल, याची कल्पना ते वासे पाहिल्यावरच येते.

तेथे कोणते कलावंत गात आणि कोणते प्रेक्षक येत?

उंची टोपी, भारी कपडे आणि हातात शॅम्पेन अशा रुबाबात गाणारे जॉर्ज लेबर्न, म्हणजे ‘शॅम्पेन चार्ली’, येथे गायले आहेत. आर्थर लॉइड यांचेही नाव या रंगमंचाशी जोडलेले आहे.

प्रेक्षक मुख्यतः आसपासचे कामगार, दुकानदार, गोदीतील मजूर आणि खलाशी होते. हा सारा परिसर बंदराचा होता, आणि त्या बंदरात येणाऱ्या जहाजांवर हिंदुस्थानी खलाशीही असत. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर रत्नागिरीकडील खलाशांची भरती होत असे, हे कोकणातील अनेक कुटुंबांना आजही ठाऊक आहे. पूर्व लंडनमध्ये आशियाई खलाशांच्या निवाऱ्यासाठी १८५७ मध्ये लाइमहाउस येथे एक स्वतंत्र वसतिगृह उघडावे लागले, इतकी त्यांची संख्या होती. विल्टन यांच्या प्रेक्षकांत कोणी कोकणी माणूस बसला होता, असे मी म्हणणार नाही. पण ज्या रस्त्यांनी इतर खलाशी या गुत्त्याकडे जात, त्याच भागातील रस्ते आपल्याकडच्या माणसांच्याही पायांखालचे होते.

मग हॉल बंद का पडला?

विल्टन स्वतः १८६८ च्या सुमारास बाहेर पडले. १८७७ मध्ये सभागृहाला मोठी आग लागली. ते पुन्हा जवळपास जुन्याच धर्तीवर बांधण्यात आले, पण तोवर काळ बदलला होता. १८७८ च्या कायद्याने लंडनमधील करमणुकीच्या जागांवर आगीपासून सुरक्षिततेची कडक बंधने घातली. गुत्त्यामागे घरांच्या बेचक्यात अडकलेल्या सभागृहांना ती पाळणे अतिशय खर्चाचे होते. दुसरीकडे, मोठ्या रस्त्यांवर नवी, भव्य, खुर्च्यांच्या रांगांची नाट्यगृहे उभी राहत होती. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्टन्सचे म्युझिक हॉल म्हणून आयुष्य संपले.

मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी येथे काय केले?

मनोरंजनाचा काळ तीस वर्षांहून कमी, तर मिशनचा काळ जवळपास सत्तर वर्षांचा आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. १८८८ मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मिशनने ही वास्तू घेतली. त्यापूर्वी त्या पंथाचा एक जण हॉलमध्ये शिरला, तेथील प्रकार पाहून भर सभागृहात गुडघे टेकून बसला आणि ही जागा देवाच्या कामी यावी अशी त्याने प्रार्थना केली, अशी आख्यायिका आहे. जागा त्या कामी आली खरी, पण गुत्त्याचे ‘महोगनी बार’ हे नाव मिशननेही सोडले नाही.

१८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी मोठा संप केला, तेव्हा याच जागेत अन्नछत्र चालवले गेले आणि दिवसाला दोन हजार जेवणे वाढली गेली. ४ ऑक्टोबर १९३६ रोजी शेजारच्या केबल स्ट्रीटवर ऑस्वल्ड मोस्ले यांच्या फॅसिस्टांचा मोर्चा स्थानिक ज्यू, आयरिश आणि इतर कामगारांनी अडवला, त्या लढ्यातील लोकांनाही या वास्तूने आसरा दिला. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात परिसरातील कुटुंबे येथे आश्रयाला येत. या भिंतींवर जी रंगांची पुटे आहेत, त्यांतील कित्येक या काळातील आहेत. ती खरवडून १८५९ चा हॉल ‘परत आणायचा’ म्हटले, तर संपातील भुकेल्या कामगारांचा आणि बाँबच्या रात्रींचा काळ खरवडून टाकावा लागेल.

वास्तू पाडण्याची वेळ कशी आली आणि ती कोणी वाचवली?

१९५६ मध्ये मिशन गेल्यावर सभागृहात चिंध्या निवडण्याचे गोदाम आले. १९६० च्या दशकात लंडनच्या प्रशासनाने या भागातील जुनी वस्ती हटवण्याची योजना आखली. वेलक्लोज स्क्वेअरभोवतालची घरे पाडली गेली, आणि विल्टन्सचेही नाव त्या यादीत होते. तेव्हा रंगभूमीप्रेमी आणि वास्तुप्रेमी मंडळींनी मोहीम उघडली. कवी जॉन बेटजेमन तिच्या अग्रभागी होते, आणि विनोदी नट स्पाइक मिलिगन व पीटर सेलर्स यांनीही तिला पाठिंबा दिला. पाडकाम थांबले, वास्तू सार्वजनिक मालकीत आली, आणि १९७१ मध्ये तिला ‘ग्रेड दोन तारांकित’ असा संरक्षित दर्जा मिळाला.

१९७१ ते २०१५ इतका काळ का लागला?

संरक्षणाचा दर्जा मिळाला म्हणजे छप्पर गळायचे थांबते असे नाही. कागदावर वाचलेली आणि प्रत्यक्षात रोज थोडी थोडी ढासळणारी वास्तू आपल्याला गावोगावी दिसते. विल्टन्सच्या बाबतीतही तेच झाले. छप्पर आणि मुख्य सांगाडा यांची कामे हप्त्याहप्त्याने झाली, चित्रीकरणासाठी जागा भाड्याने दिली गेली, पण रोजचा वापर नव्हता. १९९७ च्या अखेरीस डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनाखाली फिओना शॉ यांनी टी. एस. एलियट यांच्या दीर्घकाव्याचा एकपात्री प्रयोग येथे केला, आणि पोपडे उडालेल्या त्या सभागृहात लोक पुन्हा तिकीट काढून बसले. नंतर ब्रूमहिल ऑपेरा ही संस्था काही वर्षे येथे राहिली. २००३ मध्ये बीबीसीच्या जतनविषयक स्पर्धेत विल्टन्स होता, पण विजेता ठरला नाही.

२००४ पासून फ्रान्सिस मेह्यू यांनी धुरा घेतली. २००८ च्या जागतिक धोकाग्रस्त वास्तूंच्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने विल्टन्सचा समावेश केला. २०११ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून वारशाच्या कामांना मदत करणाऱ्या वारसा लॉटरी निधीकडे मागितलेले सुमारे साडेबावीस लाख पौंड नाकारण्यात आले. त्या नकारानंतरही प्रयोग बंद पडले नाहीत, ही माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. वास्तू वापरात राहिली म्हणून लोकांना तिची काळजी वाटत राहिली.

प्रत्यक्ष काम कसे झाले?

टिम रोनल्ड्स आर्किटेक्ट्स या वास्तुरचनाकारांनी काम दोन टप्प्यांत केले. आधी सभागृह घेतले गेले, आणि ते २०१३ पर्यंत पुरे झाले. त्यानंतर पुढची पाच घरे घेतली, ती सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण झाली. कित्येक वर्षे बंद असलेल्या खोल्या, जिने आणि मजले या दुसऱ्या टप्प्यात पुन्हा खुले झाले.

कामाचे सूत्र होते, शक्य तितके कमी करायचे. हे ऐकायला सोपे वाटते, पण करायला अत्यंत कठीण आहे. नवे बांधताना एकदा नकाशा ठरला की काम चालू लागते. येथे प्रत्येक खोलीत, प्रत्येक भिंतीपुढे उभे राहून ठरवावे लागले की हा पोपडा तसाच ठेवायचा की सुटून कोणाच्या डोक्यावर पडेल म्हणून काढायचा. ही तुळई कुजली आहे, तर ती पूर्ण बदलायची की कुजलेला भागच कापून नवे लाकूड जोडायचे. जुन्या कागदी भिंतपटाचा उरलेला तुकडा जपायचा की नाही. उत्तर बहुतेक वेळा ‘जपायचा’ असेच होते. जेथे नवे घालणे अटळ होते, तेथे ते जुन्याची नक्कल न करता साधे ठेवले गेले, म्हणजे जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते हे पाहणाऱ्याला कळावे.

त्याच वेळी वायुवीजन, वीज, आगीपासून संरक्षण आणि छताची मजबुती ही आजच्या प्रेक्षागृहाला आवश्यक असणारी सारी कामे करावी लागली, आणि ती डोळ्यांत न खुपता बसवावी लागली. खरे कौशल्य येथेच आहे. उत्तम झालेले काम येथे दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा येणारा माणूस विचारतो की काम सुरू कधी होणार!

जुन्या विटांच्या भिंतींबद्दल एक गोष्ट आपल्याकडे वाडे सांभाळणाऱ्यांना लगेच पटेल. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि वीट आतून भुसभुशीत होते. अशा भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते, मग तिला कितीही वेळ लागो.

याला जीर्णोद्धार म्हणावे का?

मला हा शब्द येथे वापरवत नाही. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ म्हटले की अनेकदा जुने देऊळ उतरवून त्या जागी नवे बांधणे, किंवा काळ्या दगडाच्या मंदिराला ऑइल पेंट फासणे आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशा बसवणे घडते. श्रद्धा खरी असते, पैसाही गावाने प्रेमाने दिलेला असतो, पण छिन्नीची खूण रंगाखाली जाते ती कायमची. विल्टन्समध्ये जे झाले त्याला मी जतन म्हणेन, किंवा आपल्या घरगुती शब्दात डागडुजी. डागडुजी हा शब्द आपण उगीच हलका मानतो. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये, म्हणजे विल्टन्स जळाला त्याच वर्षी, जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी इंग्लंडमध्ये एक संस्था स्थापन केली. तिचा मुख्य आग्रह हाच होता की मूळ रूप कल्पनेने परत आणण्याऐवजी रोजच्या निगराणीने जे आहे ते टिकवावे. विल्टन्सचे काम त्याच विचारातून आलेले आहे.

एकूण खर्च किती आला आणि तो कोणी केला?

दोन्ही टप्पे मिळून सुमारे चाळीस लाख पौंड. त्यांपैकी साडेअठरा लाख पौंड वारसा लॉटरी निधीने २०१३ मध्ये, म्हणजे आधीच्या नकारानंतर दोन वर्षांनी, दिले. उरलेली रक्कम विश्वस्त निधी, देणगीदार आणि प्रेक्षक यांच्याकडून जमली. २०१६ मध्ये या कामाला ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

असे आणखी म्युझिक हॉल शिल्लक आहेत का?

थोडे आहेत. लंडनमध्येच १८६३ चा हॉक्स्टन हॉल आहे. लीड्समधील सिटी व्हरायटीज १८६५ चा असून त्याचे मोठे नूतनीकरण २०११ मध्ये पूर्ण झाले. ग्लासगो शहरातील ब्रिटानिया पॅनॉप्टिकन ही वास्तूही पाहण्यासारखी आहे. ‘लॉरेल आणि हार्डी’ या विनोदी जोडीतील स्टॅन लॉरेल यांनी १९०६ मध्ये याच मंचावर पहिल्यांदा पाऊल ठेवले. १९३८ मध्ये ती बंद पडली, खालच्या जागेत दुकाने चालत राहिली आणि सज्जा छताआड दडून राहिला. तेथे अद्याप काम संपलेले नाही.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे काम याच पद्धतीने झाले का?

नाही, आणि ही तुलना बोधक आहे. मुंबईचे ऑपेरा हाउस हा म्युझिक हॉल नाही. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या उपस्थितीत खुले झालेले ते राजेशाही थाटाचे नाट्यगृह आहे. बालगंधर्व, दीनानाथ मंगेशकर आणि पृथ्वीराज कपूर यांच्या नावांशी ते जोडलेले आहे. पुढे चित्रपटगृह म्हणून त्यात बरेच बदल झाले, १९९३ मध्ये ते बंद पडले, २०१२ मध्ये तेही वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडच्या यादीत आले, आणि आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालील कामानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा उघडले.

तेथे जुन्या छायाचित्रांचा आणि उरलेल्या खुणांचा अभ्यास करून मूळ बरोक रूप परत उभे करण्यात आले. सोनेरी नक्षी, रंगीत काचा आणि प्रेक्षकांचे खासगी सज्जे पुन्हा झळकू लागले. त्या वास्तूचे सारे म्हणणेच थाटात आहे, त्यामुळे तो निर्णय मला योग्य वाटतो. विल्टन्सचे सारे म्हणणे मात्र झिजेत आहे. एकाच वेळी गुत्ता, रंगमंच, प्रार्थनास्थळ, अन्नछत्र आणि गोदाम यांच्या खुणा वागवणाऱ्या भिंतीला एकच मूळ रूप कोणते द्यायचे?

विल्टन्स पाहायला जाताना काय लक्षात ठेवावे?

टॉवर हिल किंवा ऑल्डगेट ईस्ट स्थानकावरून चालत जाता येते. प्रयोगाचे तिकीट काढल्यास उत्तम, कारण हे सभागृह रिकामे पाहण्यापेक्षा भरलेले पाहावे. वेळेआधी पोहोचून महोगनी बारमध्ये थोडे बसावे, आणि सभागृहात शिरल्यावर लगेच खुर्ची न गाठता एखाद्या पिळाच्या खांबाजवळ थांबावे. रंगाचे पुट जेथे उडाले आहे, तेथे त्याखालचे दुसरे आणि त्याखालचे तिसरे पुट दिसते. त्यांना हात मात्र लावू नये.